आजोबांना निषेधाच्या पोस्टर्सच्या प्रदर्शनाला न्यावं का?

पत्र: आमच्या इथे राजकीय निषेधाच्या पोस्टर्सचं आणि छापचित्रांचं मोठं प्रदर्शन आलंय. जुनी व्यंगचित्रं, युद्धविरोधी पोस्टर्स, संपाची, हक्कांच्या चळवळींची, सगळं आहे. लेक १५ वर्षांची, तिला जायचंच आहे. मुलगा ९ वर्षांचा, तो प्रत्येक चित्रापुढे "हा वाईट माणूस आहे का?" विचारणार हे नक्की. सासरे आमच्याजवळच असतात, ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांचं मत असं की ही असली चित्रं म्हणजे नुसती मोठ्या माणसांची बदनामी. गेल्या महिन्यात जेवताना त्यांचं आणि लेकीचं राजकारणावरून इतकं वाजलं की दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. नवरा म्हणतो कशाला विकतचं दुखणं, दुसरीकडे कुठेतरी जाऊ. पण मला मनापासून वाटतंय की सगळ्यांनी मिळून जावं. माझं चुकतंय का? आणि गेलोच तर सांभाळू कसं?

उत्तर:

ताई, अजिबात चुकत नाहीये तुमचं, जा, आणि सगळ्यांना घेऊनच जा. तुमच्या मिस्टरांची भीती खोटी नाही, तिथे वाजू शकतं, पण ते घरीही वाजतंच आहे ना, फक्त घरी दोघांच्या मध्ये ठेवायला काही नसतं म्हणून प्रत्येक वाक्य थेट समोरच्या माणसाला लागतं. प्रदर्शनात निदान दोघांची तोंडं एकमेकांकडे नसतात, दोघंही भिंतीवरच्या एका कागदाकडे बघत असतात. बोलायचं ते त्या कागदाबद्दल. हे ऐकायला किरकोळ वाटेल पण ह्याने खूप फरक पडतो, मी बघितलंय.

फक्त एक गोष्ट निघायच्या आधी ठरवून टाका. चित्रापुढे उभं राहिल्यावर पहिला प्रश्न "हे बरोबर आहे का?" हा नको. पहिला प्रश्न हा, की हे कोण कुणाला सांगतंय? बस एवढंच. बरोबर-चूक नंतर येईलच, ते अडवायचं नाहीये, पण ते दुसऱ्या नंबरला.

मी हे का म्हणतेय सांगते. पोस्टर ही मुळात दिवाणखान्यात लावायची गोष्ट नव्हतीच. घाईत चाललेला माणूस, त्याला दोन सेकंदं असतात, कदाचित वाचताही येत नाही, त्याला गाठायचं आणि त्याच्याकडून काहीतरी करून घ्यायचं, मत दे, कामावर जाऊ नकोस, सैन्यात जाऊ नकोस, ह्या उपाशी पोरांसाठी काहीतरी दे. प्रत्येक पोस्टरमागे असा एक मागणारा असतो आणि एक ज्याच्याकडे मागितलंय तो असतो. १९६८ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांनी कलाशाळा ताब्यात घेतली आणि कामगारांसोबत बसून रात्रंदिवस स्क्रीन प्रिंटिंगने पोस्टर्स काढली, कुणी त्यावर नाव घातलं नाही, कुठलं छापायचं ते सगळे बसून ठरवायचे, आणि त्या गटाचं स्पष्ट म्हणणं होतं की ह्या पोस्टर्सची जागा रस्त्यावर आणि कारखान्याच्या भिंतीवर आहे, शोभेसाठी किंवा कलादालनात लावलीत तर त्यांचं कामच मारलं जातं. आणि आज तीच पोस्टर्स संग्रहालयांत फ्रेममध्ये आहेत. मला हे वाईट वाटत नाही, नाहीतर आपल्याला ती दिसली कुठे असती, पण मग आत गेल्यावर आपल्याला थोडं काम करावं लागतं, तो रस्ता, ती माणसं, तो दिवस मनात परत उभा करावा लागतो. "कोण कुणाला सांगतंय" ह्या प्रश्नाने ते होतं, आणि हा प्रश्न ९ वर्षांचा मुलगा पण विचारू शकतो, ७४ वर्षांचे आजोबा पण.

आता माझं सांगते, कारण मी हे चुकून शिकलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझ्या बाबांना अशाच एका प्रदर्शनाला घेऊन गेले होते. बाबा एका कारखान्यात सुपरवायझर होते, तेव्हा रिटायर झालेले. मी त्या काळात नवीनच सगळं वाचलेलं, त्यामुळे प्रत्येक पोस्टरपुढे मी त्यांना समजावून सांगत होते, ह्याचा अर्थ असा, त्याचा अर्थ तसा. एका संपाच्या पोस्टरपुढे तर मी खूप वेळ बोलले, त्यात एक जाडा मालक कामगारांच्या पाठीवर बसलेला. बोलता बोलता बघते तर बाबा शेजारी नाहीत, मागे बाकावर जाऊन बसले होते, उठेचनात. मला राग आला, वाटलं ह्यांना समजूनच घ्यायचं नाही. परत येताना रस्त्यात ते अचानक म्हणाले, "माझं पण काढलं होतं असं." त्यांच्या कारखान्यात संप झाला तेव्हा ते कंपनीच्या बाजूला, गेटवर उभे राहायचे, आणि एका सकाळी गेटशेजारच्या भिंतीवर डांबराने त्यांचंच चित्र काढलेलं, मोठं पोट, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी त्यावर चुन्याचे दोन हात मारून घेतले, पहिल्या पावसात चित्र परत दिसायला लागलं. बाबा म्हणाले, "जुडग्यात सहा किल्ल्या होत्या माझ्या, त्याने सहाच काढल्या होत्या. म्हणजे काढणारा रोज माझ्या समोर उभा राहणारा कुणीतरी होता." मी विचारलं कोण होता मग, तर म्हणाले, "मी शोधलं नाही."

दोन तास मी त्या माणसाला निषेधाचं पोस्टर म्हणजे काय ते समजावत होते. मी एकदाही विचारलं नाही की बाबा, ह्यातलं कुठलं तुम्हाला लागतंय.

म्हणून तुमच्या सासऱ्यांबद्दल पहिली गोष्ट. ते "बदनामी" म्हणतात तेव्हा ते फक्त एक मत सांगतायत असं धरून चालू नका. प्रत्येक पोस्टरला एक लक्ष्य असतं आणि कधीकधी आपल्या घरातलं माणूस त्या लक्ष्याच्या जागी उभं राहिलेलं असतं, मोठ्या पदावर नसेल, छोट्याशा अधिकाराच्या जागेवर असेल, हुकूम वरून आलेला आणि पाळणारे ते. त्यांना चित्र आवडलंच पाहिजे अशी अट घालू नका. "ह्यात तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं?" एवढं विचारा आणि गप्प बसा, खरंच गप्प बसा, उत्तर यायला वेळ लागेल.

आणि ते म्हणतात त्यात एक तथ्य आहे हे लेकीलाही कळू द्या. व्यंगचित्र बोचरंच असतं, ते न्यायनिवाडा करत नाही, दुसरी बाजू देत नाही, ते त्याचं काम नाही. मोठ्या माणसांना पूर्वीपासून ते झोंबत आलंय. फ्रान्समध्ये दोम्ये नावाच्या चित्रकाराने १८३१ मध्ये राजा लुई-फिलीपचं एक शिळाछाप चित्र काढलं, राजा अवाढव्य, खुर्चीवर बसलेला, तोंडापासून जमिनीपर्यंत एक लांब फळी आणि त्या फळीवरून नोकर टोपल्या भरभरून गरिबांचा पैसा वर नेऊन त्याच्या तोंडात ओततायत. ह्यासाठी दोम्येला ६ महिन्यांची कैद झाली. १८३५ मध्ये तर तिथे कायदाच आला की चित्र छापायच्या आधी सरकारची परवानगी घ्या, लिहिलेल्या मजकुराला मात्र अशी आधी परवानगी नको. का, कारण चित्र न वाचणाऱ्यालाही कळतं आणि बघता क्षणी कळतं. आजोबांना हे सांगून बघा आणि विचारा, राजा एवढा का घाबरला असेल. त्यांचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं येईल कदाचित, येऊ दे.

मुलाचं सगळ्यात सोपं आहे, खरं सांगते, लहान मुलांना ही चित्रं मोठ्यांपेक्षा लवकर समजतात. त्या दोम्येच्या संपादकाची, फिलिपोनची गोष्ट त्याला आधीच घरी सांगून ठेवा. त्याच्यावर राजाचा अपमान केल्याचा खटला चालला तेव्हा त्याने कोर्टात चार चित्रं काढून दाखवली, पहिल्यात राजाचा चेहरा, दुसऱ्यात तोच चेहरा थोडा फुगलेला, तिसऱ्यात अजून, आणि चौथ्यात सरळ एक नाशपाती. म्हणणं असं की पहिलं राजासारखं दिसतं म्हणून शिक्षा करणार असाल तर दुसऱ्यालाही करावी लागेल, तिसऱ्यालाही, मग नाशपातीलाही करा. शिक्षा त्याला झालीच, पण नाशपाती म्हणजे राजा हे सगळ्या पॅरिसला कळलं आणि पोरंटोरं भिंतींवर नाशपात्या काढत सुटली. तुमच्या मुलाला ही गोष्ट सांगा, एक कागद द्या आणि चार पायऱ्यांत कुणाचाही चेहरा कशातही बदलायला सांगा. ह्यातून त्याला जे कळेल ते तुम्ही बोलून कळणार नाही.

"हा वाईट माणूस आहे का?" ह्या प्रश्नाला घाईने हो किंवा नाही म्हणू नका. "काढणाऱ्याला तो वाईट वाटला. का वाटला असेल, चित्रात शोध बघू." त्याला शोधायला आवडेल, हातात काय आहे, पायाखाली काय आहे, कोण मोठं काढलंय, कोण छोटं. आणि एखाद्या वेळी त्या माणसाने खरंच माणसं मारली असतील तर तेही सरळ सांगा, "हो, ह्याने खूप वाईट केलं." सगळंच "ज्याचं त्याचं मत" करून टाकू नका, मुलांना ते खोटं वाटतं आणि बरोबरच वाटतं.

अजून एक त्याच्यासाठी. बहुतेक अशा प्रदर्शनात कुठेतरी ते शांततेचं चिन्ह असतंच, गोल आणि आत उभी रेघ, खाली दोन तिरक्या. ते १९५८ मध्ये जेराल्ड होल्टम ह्यांनी ब्रिटनमधल्या अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी काढलं, लंडनहून आल्डरमॅस्टनपर्यंत लोक चालत गेले होते. जहाजांवर हातात झेंडे धरून अक्षरं दाखवायची खूण असते ना, त्यातली एन आणि डी ही दोन अक्षरं एकावर एक ठेवलीत, न्यूक्लिअर डिसआर्मामेंट म्हणजे अण्वस्त्रं नकोत. मुलाला तिथेच उभं करा, दोन्ही हात खाली तिरके, हा झाला एन. मग एक हात सरळ वर, एक सरळ खाली, हा डी. तो ते स्वतःच्या अंगाने करेल तेव्हा ते चिन्ह त्याच्या डोक्यातून कधी जाणार नाही, आणि आजोबांनाही करायला लावेल बहुतेक.

आता जे अवघड आहे त्याबद्दल. अशा प्रदर्शनात हिंसेची चित्रं असतात, आणि ती सजावटीची नसतात. गोया ह्या स्पॅनिश चित्रकाराची युद्धावरची ८२ छापचित्रं आहेत, स्पेनमधल्या युद्धातली आणि दुष्काळातली, त्याच्या हयातीत ती प्रसिद्धच झाली नाहीत, तो वारला १८२८ मध्ये आणि त्यातली ८० बाहेर आली १८६३ मध्ये. व्हिएतनाम युद्धातल्या माय लाईच्या कत्तलीचा फोटो वापरून १९६९-७० च्या सुमारास केलेलं पोस्टर आहे, रस्त्यावर बायकामुलांची प्रेतं, आणि वर-खाली दोनच ओळी, "आणि लहान मुलं?" "आणि लहान मुलंसुद्धा." मोठ्या माणसाच्याही पोटात खड्डा पडतो. ९ वर्षांच्या मुलाला ह्यासाठी तयार न करता नेऊ नका. शक्य असेल तर तुम्ही एकट्या आधी एक चक्कर मारून या, कुठल्या खोलीत काय आहे ते बघून ठेवा, नाहीतर तिकीट खिडकीवर सरळ विचारा, ते लोक सांगतात. आणि मुलाला आधीच सांगा की काही चित्रं बघवणार नाहीत अशी आहेत, नको वाटलं तर माझा हात दाब, आपण पुढे जाऊ, कुणी काही म्हणणार नाही.

गोयाने स्वतः त्यातल्या एका चित्राखाली लिहून ठेवलंय, बघवत नाही. चित्रात बायका, पुरुष गुडघ्यावर, हात जोडलेले, आणि उजव्या कडेने बंदुकांची फक्त टोकं आत आलेली, सैनिक दिसतच नाहीत. आणि दुसऱ्या एका चित्राखाली लिहिलंय, मी हे पाहिलं. दोन्ही एकाच माणसाने लिहिलंय. म्हणजे तोंड फिरवणं आणि बघणं दोन्ही खरं आहे, मुलाने तोंड फिरवलं तर त्याला "बघ, घाबरू नकोस" असं म्हणू नका. लेकीने फिरवलं तरी म्हणू नका.

लेकीशी मात्र निघायच्या आधी एकटीशी बोला. १५ वर्षांच्या मुलीला आपलं म्हणणं सिद्ध करायचं असतं आणि तिथे भिंतीभर पुरावे टांगलेले दिसणार तिला, ती आजोबांना एकेका चित्रापुढे उभं करून "बघा!" म्हणणार, मी केलं तसंच. तिला सांगा की पोस्टर दुसऱ्याच्या तोंडावर फेकायला वापरायचं नाही. त्याऐवजी तिला एक काम द्या, तिने एकच पोस्टर निवडायचं आणि त्याची सगळी माहिती काढून सगळ्यांना नीट सांगायची, बाकी चित्रांपुढे तिने विचारायचं, सांगायचं नाही. गुरिला गर्ल्सचं काही तिथे असेल तर मला वाटतं ती तेच निवडेल. गोरिलाचे मुखवटे घालणाऱ्या बायकांचा गट, १९८५ पासूनचा, नावं कुणाला सांगत नाहीत. त्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेल्या आणि चक्क मोजलं, आधुनिक कलेच्या विभागात चित्रकार बायका ५ टक्क्यांहून कमी आणि नग्न चित्रांमध्ये मात्र ८५ टक्के बायका, आणि १९८९ मध्ये पोस्टर केलं, की संग्रहालयात शिरायला बाईला कपडे काढावे लागतात का? पुढे २०१२ मध्ये परत मोजलं तर आकडे ४ टक्क्यांहून कमी आणि ७६ टक्के. तुमच्या लेकीने इथे सगळ्यांना कामाला लावावं, ह्या प्रदर्शनात किती पोस्टर्स बायकांनी केलीत, मोजा. आजोबांना मोजायला द्या. मोजायला मत लागत नाही.

आजोबांसाठी मी दोन चित्रं मनात धरून जाईन, असली तर. एक म्हणजे मेम्फिसच्या सफाई कामगारांचा फलक. अमेरिका, १९६८. पावसापासून आडोसा घ्यायला कचऱ्याच्या गाडीत मागे बसलेले दोन कामगार आतल्या दाबयंत्रात चिरडून मेले, त्यानंतर जवळपास १,३०० कामगार संपावर गेले, आणि त्यांच्या हातात जे फलक होते त्यावर चित्र नव्हतंच, फक्त चार इंग्रजी शब्द, आय ॲम अ मॅन, मी माणूस आहे. पन्नाशीतल्या काळ्या माणसालाही तिथे "बॉय", पोऱ्या म्हणून हाक मारायचे, त्याला हे उत्तर. "ॲम"च्या खाली रेघ मारलेली आहे, ती रेघ नीट बघा, सगळा जोर तिथे दिलाय, आहे. ह्यात कुणाची बदनामी आहे असं तुमचे सासरे म्हणतील असं मला वाटत नाही. आणि म्हणालेच तर भांडू नका, विचारा कुणाची.

दुसरं जर्मन चित्रकार केथे कोलवित्झचं. ह्या बाईबद्दल मी कितीही बोलू शकते. नवरा बर्लिनच्या कामगार वस्तीत डॉक्टर, त्याच्याकडे येणाऱ्या बायका, आजारी पोरं, हेच तिने आयुष्यभर काढलं. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा तिच्या धाकट्या मुलाला, पीटरला, सैन्यात जायचं होतं, तो १८ वर्षांचा, वडिलांच्या परवानगीशिवाय जाता येत नव्हतं आणि वडील नाही म्हणत होते. केथेने नवऱ्याची समजूत घातली, जाऊ दे त्याला. ऑक्टोबरमध्येच तो लढाईत मारला गेला. त्या आईने १९२४ मध्ये "पुन्हा युद्ध नको" हे पोस्टर काढलं, तरुण मुलांच्या मेळाव्यासाठी, बघा, कोण कुणाला सांगतंय. एक तरुण, केस उडालेले, तोंड उघडं, एक हात सरळ वर आणि दुसरा छातीवर. सगळं खडूने काढल्यासारखं, अक्षरंसुद्धा हातानेच लिहिलेली, वर केलेल्या हाताच्या आजूबाजूला कोंबलेली. मला त्या चित्रात तो मुलगा शपथ घेतोय की हाक मारतोय ते अजून ठरवता आलेलं नाही. मुलाला परवानगी मिळवून दिली होती हे जिला रोज आठवत होतं तिने हे काढलंय. तुमच्या घरात एक आजोबा आहेत, एक बाप, एक आई आणि दोन मुलं, हे चित्र त्या प्रत्येकाला वेगळं लागेल. इथे काही विचारू नका, नुसतं उभं राहू दे सगळ्यांना.

बंगालच्या १९४३ च्या दुष्काळावर चित्तप्रसाद ह्यांनी केलेली शाईची रेखाटनं मिळाली तर तीही चुकवू नका. ते गावोगाव हिंडून समोर बसलेल्या उपाशी माणसाला काढायचे. त्याची पुस्तिका निघाली तर ब्रिटिश सरकारने प्रती जप्त करून नष्ट केल्या. आजोबांना इथे बाजू निवडायला एक क्षण लागणार नाही, आणि मग त्यांच्या नातीला शांतपणे विचारता येईल, आजोबा, हे चित्र सरकारला बदनामीच वाटलं असणार ना? शांतपणे, टोमणा नको. तिला हे जमणार नसेल तर तिने विचारूच नये, तुम्ही विचारा.

थोडं छपाईबद्दल, कारण ज्याला राजकारणात शिरायचं नाही त्याला इथे मजा येते, तुमच्या मिस्टरांना कदाचित. जवळ जाऊन बघा, जेवढं जवळ जाऊ देतील तेवढं. स्क्रीन प्रिंटमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी करावी लागते, म्हणून घाईत केलेली पोस्टर्स एक-दोन रंगांचीच असतात, रंग मोजले की कळतं किती वेळ आणि पैसा होता. मी स्वतः कॉलेजात असताना ही छपाई केलीय, चौकटीत ताणलेल्या जाळीवर शाई ओतायची आणि रबराच्या पट्टीने एका दमात ओढायची, मध्येच थांबलात की तिथे आडवी रेघ उमटते, आणि कागद केसभर सरकला तरी लाल काळ्याच्या बाहेर डोकावतो. प्रदर्शनात असा बाहेर आलेला लाल दिसला ना की मला तो ओढणारा दिसतो, रात्रीचे तीन वाजलेत, दोऱ्यांवर ओली पोस्टर्स वाळत टाकलीत आणि पहाटेच्या आत भिंतीवर लावायचीत. लाकडावर कोरलेलं असेल तर काळ्या भागात लाकडाच्या रेषा दिसतात. घड्यांच्या खुणा शोधा, क्युबातून निघणाऱ्या एका मासिकात पोस्टर घडी घालून जगभर पाठवायचे, ती घडी अजून दिसते. कोपऱ्यातली टाचणीची भोकं, मागे खळीचा पिवळा डाग. मुलाला हे सगळं शोधायला लावा.

अजून काही साधं. कागदावरची जुनी छपाई उजेडाने उडते म्हणून अशा दालनात दिवे मुद्दाम मंद ठेवतात, बऱ्याच ठिकाणी ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास, आणि चित्राशेजारच्या पाट्या बारीक अक्षरात, तेव्हा सासऱ्यांचा वाचायचा चष्मा न विसरता घ्या. माणूस वाचता येत नाही म्हणून चिडलेला असतो आणि आपल्याला वाटतं चित्रावर चिडलाय. फोटो काढू देत असतील तर फ्लॅश बंद. सगळं बघायच्या मागे लागू नका, पोस्टर ओरडण्यासाठी केलेलं असतं आणि दीडशे जण एकदम ओरडायला लागले की तासाभरात डोकं भणभणतं. तास-सव्वा तास, मध्ये एकदा बसायचं. आत गेल्यावर अर्धा तास सगळ्यांनी वेगवेगळं फिरा, मुलगा तुमच्या किंवा त्याच्या बाबांच्या सोबत, आणि प्रत्येकाने एक पोस्टर निवडायचं, आवडलेलं किंवा न आवडलेलं, कुठलंही चालेल. मग सगळ्यांनी मिळून त्या पाचांपुढेच जायचं, निवडणाऱ्याने सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सुरुवात आजोबांपासून. त्यांनी "मला सगळ्यात राग ह्याचा आला" म्हणून एखादं दाखवलं तर ती उत्तम निवड समजा, राग येईल असंच ते केलेलं आहे.

बाहेर आल्यावर "काय शिकलास?" नको. जेवताना तर विषयच नको, तुमच्याकडे जेवणाची वेळ आधीच ह्या भांडणाने भरलेली आहे. दोन-चार दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, जाड पुठ्ठा, कात्री, स्पंज आणि एक रंगाची बाटली काढा. पुठ्ठ्यात आकार कापायचा आणि स्पंजने रंग दाबायचा, एवढं पुरे. प्रत्येकाने स्वतःचं एक पोस्टर करायचं, एक रंग, जास्तीत जास्त पाच शब्द, आणि आधी ठरवायचं की मी हे कुणाला सांगतोय. तुमचा मुलगा तुमच्याविरुद्ध करेल, मोबाईलवरून किंवा झोपायच्या वेळेवरून, तयारी ठेवा. ते इतरांच्या शेजारी भिंतीवर लावा आणि निदान आठवडाभर काढू नका. तुम्ही ते फाडलंत किंवा हसण्यावारी नेलंत तर प्रदर्शनात बघितलेलं सगळं त्याच्यासाठी तिथेच संपलं.

आणि सासरे येतच नाही म्हणाले तर? तर ओढून नेऊ नका. "तुमच्याशिवाय जायला आवडणार नाही, पण तुमची इच्छा" एवढं म्हणा, खरं असेल तरच म्हणा, आणि जाऊन या. येताना त्यांच्यासाठी एक पोस्टकार्ड आणा, त्यांना पटेल असं शोधत बसू नका, तुम्हाला ज्याच्यापुढे सगळ्यात जास्त वेळ उभं राहावंसं वाटलं ते आणा. त्यांच्या हातात द्या, चष्मा द्या, आणि त्यांना विचारा की बाबा, हे कोण कुणाला सांगत असेल.

मग त्यांचं बोलून होईपर्यंत तिथेच बसा.